बॉयलरकडचा कोपरा

ईरी, पेनसिल्व्हेनिया
१० नोव्हेंबर १९९७

प्रिय रोमन,

तुझा चव्वेचाळीस नंबर, तोच आपल्या खेळातला इंचभर धावपटू, ईरीत आला आहे. बातमी क्लबातल्या बर्नडीनची. तिने तो हातात घेऊन पाहिला. "तोच आहे," म्हणाली. "गुडघ्यावर रोमनने लावलेला लाल ठिपका अजून तसाच आहे. नेलपॉलिश माझं होतं, मी विसरेन होय?"

आगपेटीत, कापसात गुंडाळून, टपालाने आला म्हणे. माझ्या पत्त्यावर नाही. नेविन प्रुइटच्या पत्त्यावर.

खेळाच्या पानावर आयुष्य काढलेला माणूस एकाच्या तोंडची बातमी छापत नाही, दुसऱ्याला विचारतो. म्हणून शुक्रवारी चर्चच्या तळलेल्या माशांच्या जेवणाच्या रांगेत मी प्रुइटलाच गाठलं. त्याने लपवलंसुद्धा नाही. "हो चेट, आलाय ना. काय सुंदर चीज आहे. रोमननी पायाखालच्या बैठकीचे दाते ज्या तऱ्हेने वळवलेत, मी तासभर भिंगातून बघत बसलो." तो मला पहिल्या भेटीपासून चेट म्हणतो. तुला रोमन म्हणतो. तुमची भेट अजून झालेली नाही, तरी.

तुला तो पत्रातून भेटला आहे, म्हणून मी प्रत्यक्षातला सांगतो. वय चौतिशीच्या आसपास. उंच, केस विरळ व्हायला लागलेले, हसरा. कोणाचंही नाव विसरत नाही, ही खोड मला संशयास्पद वाटते. दातांच्या प्रयोगशाळेत नकली दात बनवतो. शेजारच्या दाताशी रंग जुळवून, हलका पिवळेपणा, किंचित करडी छटा, असं सगळं एकेका ब्रशने. तोच ब्रश घेऊन घरी आला की आपल्या खेळातली इंचभर माणसं रंगवतो. त्याने रंगवलेल्या माणसांना भुवया असतात. माझ्या माणसांना तू म्हणायचास तसे "चेहऱ्याऐवजी डाग" आहेत, ते अजून तसेच.

माझा वरचा डावीकडचा दातही त्यानेच बनवलेला निघाला. मागच्या वर्षी डॉक्टरने बसवला तेव्हा मला माहीत नव्हतं. आता जेवताना आठवण होते.

जुनी मैदानं गोळा करतो. लोकांच्या माळ्यावरून, मेलेल्यांच्या घरच्या विक्रीतून. उन्हाळ्यात पूर्वेकडच्या एका घरी विक्री होती. जाहिरातीत 'विजेवर चालणारा फुटबॉलचा जुना खेळ, पुठ्ठ्याच्या गॅलरीसकट' असं होतं. मी कॉफीसुद्धा न घेता निघालो. पोचलो तेव्हा प्रुइट तो खोका गाडीत ठेवत होता. "चेट, तुम्हाला हवा होता का? घ्या की," म्हणाला आणि खोका पुढे केला. मी म्हटलं, मी दिवा बघायला आलोय. मग मला एक दिवा घ्यावा लागला.

क्लबचं म्हणशील तर आहोत तसेच. चर्चच्या तळघरात, दर मंगळवारी, बॉयलरच्या उबेला. परवा छत गळतंय म्हणून माणूस आला होता. टेबलाएवढं हिरवं मैदान पाहून त्याने विचारलं, हे काय असतं. बर्नडीन म्हणाली, "बटण दाबलं की पत्रा थरथरतो, पत्रा थरथरला की माणसं आपोआप पळतात, आणि माणसं पळाली की म्हातारे भांडतात." तो म्हणाला, आमच्या घरी यातलं शेवटचं विजेशिवाय चालतं.

स्टॅश वाझनीला ऐकू कमी येतं, त्यामुळे पत्र्याच्या घुमण्याचा त्याला त्रास नाही. आम्ही मात्र ओरडून बोलतो. पत्र्याला गंज चढला आहे, मोटार तापते, वीस यार्डांच्या रेषा पुसल्या आहेत. प्रुइटने सुचवलं की बक्षिसाच्या जुन्या किटलीसाठी फेब्रुवारीत होणाऱ्या सामन्यांआधी तो सगळं मैदान दुरुस्त करून देईल. मंगळवारी त्यावर हात वर करायचे आहेत.

मला चव्वेचाळीसबद्दल काही म्हणायचं नाही. तुझा माणूस, तू कोणालाही दे. फक्त कळवलं.

चेस्टर


ईरी
८ डिसेंबर १९९७

प्रिय रोमन,

ठराव मंजूर झाला. मैदान प्रुइटच्या गॅरेजमध्ये गेलं. विरोधात कोणी नव्हतं. माझाही हात वर होता.

तुझं पत्र आल्याचं मला कळलं. मला नव्हे, त्याला आलेलं. तळघरात त्याने ते वाचून दाखवलं. बाईंडिंग वायर कुठली वापरायची, पत्र्याखालचा गंज कशाने काढायचा, मोटारीचा स्क्रू किती आवळला की घूं असा आवाज येतो आणि किती आवळला की खर्र. बर्नडीन म्हणाली, "बघ, रोमन किती मोकळेपणाने लिहितो." मी म्हटलं, स्क्रूबद्दल तो नेहमीच मोकळा होता.

दोन पानं, रोमन. मी नऊ वर्षं तुला नाताळचं कार्ड पाठवतोय आणि फोन केला की तुझं यंत्र बोलतं. आणि त्याला दोन पानं, दोन्ही बाजूंनी.

काल त्याने मला गॅरेजमध्ये बोलावलं. जायचं नव्हतं, पण बघायचं होतं. भिंतीवर मैदानं टांगली आहेत, जशी लोक हरणांची डोकी टांगतात. एकेक पत्रा घासून, रंगवून, पांढऱ्या रेषा नव्या ओढून. पुठ्ठ्याच्या गॅलरीतल्या प्रेक्षकांचे चेहरेसुद्धा त्याने परत रंगवले आहेत. तिसऱ्या रांगेतली एक बाई पेंगते आहे, ती छापतानाच पेंगत होती म्हणे, त्याने तिला तशीच ठेवली. मी दोष शोधत होतो. फिरून फिरून पाहिलं. शेवटी त्याला म्हटलं, तुझ्या गॅरेजमध्ये थंडी आहे. तो म्हणाला, "हो ना चेट, सॉरी," आणि स्वतःचा कोट काढून द्यायला लागला.

मधल्या टेबलावर आपलं मैदान उताणं पडलं होतं. शेजारी बशीत तुझा चव्वेचाळीस. त्याची बैठक वर करून ठेवलेली, दाते दिसत होते. मी हात लावला नाही.

"हा पत्रा एका बाजूला वाकलेला आहे," प्रुइट म्हणाला. "बॉयलरकडचा कोपरा खाली गेलाय. कधी पडला होता का?"

कधी पडला होता, तुला माहीत आहे. जिन्यावरून उतरवताना स्टॅशच्या हातून सुटला, आणि पुढची पंचवीस वर्षं त्या मैदानावरची सगळी माणसं उजवीकडे, बॉयलरकडे ओढली जात राहिली. म्हणून आपण सगळ्यांनी आपापल्या माणसांचे दाते डावीकडे वळवले. पत्रा उजवीकडे ओढणार, दाते डावीकडे नेणार, आणि माणूस सरळ पळणार. तुझा चव्वेचाळीस तर त्या उताराचाच मुलगा. मधून सरळ निघायचा, चाळीस यार्डांपाशी थबकल्यासारखा करायचा आणि मग उतार धरून कोपऱ्याकडे सुटायचा.

हे प्रुइटला माहीत नाही. तो दोन वर्षांपूर्वी क्लबात आला. त्याची माणसं पहिल्यापासून आपल्या पत्र्यावर भरकटतात आणि तो हसत हरतो. त्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं, "मी पत्रा ठोकून एकदम सपाट करतो. पाण्याची पातळी लावून. मग बघा चव्वेचाळीस कसा पळतो ते."

मी म्हटलं, बघू.

एवढंच म्हटलं. माहीत असलेलं सगळं छापलंच पाहिजे असा कुठे कायदा नाही. तू त्याला दोन पानं लिहिलीस, त्यात उताराचं लिहिलं नाहीस; मग मी का सांगावं? मैदान परत आलं की एखाद्या मंगळवारी सगळ्यांसमोर तो तुझा चव्वेचाळीस सपाट मैदानावर ठेवेल, बटण दाबेल, आणि सगळे बघतील.

थंडी लवकर आली आहे. सरोवराकडून वारा सुटला की खिडक्या वाजतात. तुझ्याकडे टूसॉनला ऊन असेल.

चेस्टर


ईरी
१३ जानेवारी १९९८

प्रिय रोमन,

तुझं कार्ड मिळालं. निवडुंगाचं चित्र, मागे दोन वाक्यं: 'त्याने चव्वेचाळीस मागितला. तू कधी मागितला नाहीस.' सही एका अक्षराची.

नऊ वर्षांनी आलेलं कार्ड मी फ्रिजवर लावलं होतं. बर्नडीन सूप घेऊन आली तेव्हा काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. तिने तरी विचारलंच, "चुंबक रिकामं का?"

मागायचं काय त्यात? भावाकडे का कोणी अर्ज करतो? मला वाटलं, आपण होऊन देशील. प्रुइटला असल्या गोष्टींची लाज नाही. तो मागतो. बर्नडीनकडे पिरोगींच्या पारीची आणि सारणाची कृती मागितली, तिने दिली. तिने ती स्वतःच्या सुनेला दिलेली नाही. स्टॅशकडे लष्करातला फोटो मागितला, त्याने तोही दिला. आता तो फोटो बघून प्रुइट एक इंचभर स्टॅश रंगवतोय.

असो. मैदान परत आलं. बातमी ही की सामन्यांआधीची चाचणी पूर्ण फसली, आणि याला दुजोरा तळघरात हजर असलेला प्रत्येक जण देईल.

मैदान दिसायला देखणं झालं होतं, हे आधी लिहितो. स्टॅशने टोपी काढली. रेषा इतक्या पांढऱ्या की डोळे दिपावेत. मोटार घूं करून लागली, एका सुरात. प्रुइटने मला पुढे केलं: "चेट, पहिला डाव तुमचा. तुम्ही सगळ्यात जुने."

मी माझी अकरा माणसं मांडली. समोर स्टॅशची अकरा. बटण दाबलं.

रोमन, माझी अकराही माणसं डावीकडे वळली. एकसाथ, कवायत केल्यासारखी. वळत वळत गोल फिरली आणि एकमेकांच्या पाठीला नाक लावून तिथेच घुमत राहिली. स्टॅशची माणसं त्याच्या डावीकडे, म्हणजे पलीकडच्या भिंतीकडे गेली आणि कठड्याला डोकं लावून थरथरत उभी राहिली. चेंडू घेतलेला माझा माणूस आपल्याच गोलरेषेकडे निघाला होता.

स्टॅश म्हणाला, "हा काय पोल्का नाच चाललाय?"

बर्नडीनला हसू आवरेना. "चेस्टर, तुझ्या पोरांना घरची वाट आठवली वाटतं. सगळी उलटी फिरली."

आमच्यामागून बाकीच्यांनी आपापली माणसं ठेवून पाहिली. सगळ्यांची तीच गत. पंचवीस वर्षं चिमट्याने वळवलेले दाते. पत्रा सरळ झाला आणि आम्ही सगळे वाकडे निघालो.

तू विचारशील, हे माझ्या आधी लक्षात कसं आलं नाही. नाही आलं. डिसेंबरभर मी फक्त त्याचा चव्वेचाळीस फिरताना पाहत होतो, मनातल्या मनात. माझीही माणसं त्याच पत्र्यावर वाढली आहेत हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

आणि चव्वेचाळीस? तोही फिरला. डावीकडे सुंदर गोल घेऊन आपल्या गोलरेषेत जाऊन पडला. ज्या क्षणाची मी वाट पाहिली होती तो आला, तेव्हा तळघरात कोणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. सगळे आपापली माणसं उलटी करून दाते बघत होते. प्रुइटची स्वतःची माणसं तेवढी सपाट पत्र्यावर बाणासारखी सरळ पळाली. त्याला त्याचं काही नव्हतं. त्याचा चेहरा उतरला होता.

"मी पत्रा बिघडवला," तो म्हणाला.

"तू पत्रा सुधारलास," बर्नडीन म्हणाली. "बिघडलेले आम्ही."

मग स्टॅश माझ्याकडे वळला. ऐकू कमी येत असलं तरी त्याला दिसतं नीट. "चेस्टर, तो कोपरा माझ्या हातून पडला तेव्हा पलीकडचं टोक तुझ्या हातात होतं. तू या पोराला सांगितलं नाहीस?"

मी म्हटलं, त्याने विचारलं नाही.

प्रुइट म्हणाला, "विचारलं होतं, चेट." रागाने नाही. माहितीसाठी.

रोमन, तिथे मी कोट घातला आणि घरी आलो.

क्लबने ठरवलं की उतार परत आणायचा. सपाट मैदानासाठी सगळ्यांचे दाते पुन्हा वळवायचे तर आमच्यातले दोघे-तिघे ते पुरं होईपर्यंत टिकणार नाहीत, असं बर्नडीनचं मत पडलं, आणि कोणी वाद घातला नाही. प्रुइटने त्या कोपऱ्याखालचा जुना वाकलेला टेकू फेकला नव्हता. तो काही फेकत नाही. रविवारी दुपारी तो टेकू बसवायला त्याने मला बोलावलं, कारण उतार नेमका किती होता हे हाताला माहीत असलेला माणूस मीच. गेलो. न जाऊन सांगतो कोणाला.

तासभर काम केलं. मी बोट ठेवून सांगायचो, आणखी थोडं, आणखी. तो स्क्रू फिरवायचा. शेवटी माझा बावन्न नंबर ठेवून पाहिला. सरळ पळाला. प्रुइट म्हणाला, "आता कळलं. तुम्ही सगळे इतकी वर्षं डोंगरावर खेळत होता."

त्यानंतर त्याने मला बॉयलरकडच्या कोपऱ्यात आणखी एक गोष्ट दाखवली. ती तांत्रिक बाब आहे. पुढे कधीतरी.

चेस्टर


ईरी
२ फेब्रुवारी १९९८

प्रिय रोमन,

तू येतो आहेस. शुक्रवारी दुपारच्या विमानाने, पिट्सबर्गहून. प्रुइटने बर्नडीनला सांगितलं, बर्नडीनने मला. उतरणार प्रुइटकडे, शनिवारी किटलीचा अंतिम सामना बघणार, सोमवारी परत. या वेळी बर्नडीनला मी दुसऱ्यांदा विचारलं, आणि तिने तिसऱ्यांदा सांगितलं.

प्रुइटच्या घरची वरची खोली तुझ्यासाठी लावली आहे. त्याच्या बायकोने नवी गादी घेतली. माझ्याकडे तुझी जुनी खोली आहे. तिच्यात दिवा आहे, तो विक्रीतला. बाकी खोके. तू विचारलं असतंस तर हलवले असते. तूही कधी मागत नाहीस, हे लिहून ठेवतो.

आता ती तांत्रिक बाब. मला ती शुक्रवारच्या आत तुझ्यापर्यंत पोचवायची आहे, म्हणून हे पत्र जलद टपालाने टाकतो आहे.

नऊ वर्षांपूर्वीचा तो आपला सामना तू विसरला नाहीस, मीही नाही. किटलीचा शेवटचा डाव. चव्वेचाळीस कोपऱ्याकडे सुटला, माझा बावन्न आडवा आला, गोलरेषेला एक यार्ड उरला आणि बर्नडीनने बटण बंद केलं. तू म्हणालास, शिवला नाही. मी म्हटलं, शिवला. बर्नडीनने नेहमीसारखा सिगारेटचा कागद काढला आणि दोघांच्या बैठकींमधून सरकवायला गेली. कागद पार गेला तर फट आहे, अडकला तर शिवलं, धावपटू तिथेच बाद. कागद अडकला. तिने सांगितलं, अडकला. मी पेपरात लिहिलं, रोमन पिलार्स्कीचा धावपटू एक यार्डावर थोपला. सगळ्या गावाने वाचलं. वसंत ऋतूत तू ॲरिझोनाला गेलास.

कागद अडकला होता. त्याबद्दल मी आजही एक शब्द बदलणार नाही. बर्नडीन प्रामाणिक आहे आणि मी डोळ्यांनी पाहिलं.

पण त्या रविवारी टेकू बसवून झाल्यावर प्रुइटने त्याच एका यार्डावर दोन माणसं ठेवली. तुझा चव्वेचाळीस आणि माझा बावन्न. तू त्याला पत्रात नेमकी जागा आखून पाठवली होतीस म्हणे. त्याने दोघांमध्ये केसाएवढी फट ठेवली, क्षणभर बटण दाबलं आणि बंद केलं. "आता बघा," म्हणाला.

मोटार थांबते, रोमन, पण पत्रा लगेच थांबत नाही. घंटा वाजवल्यावर ती जशी जराशी घुमत राहते, तसा. कानाला कळत नाही. बोट ठेवलं तर कळतं. इतर ठिकाणी त्याने काही होत नाही. पण त्या कोपऱ्यात उतार सगळ्यात जास्त आहे. बटण बंद झाल्यावर बावन्न सरकला. मुंगीच्या पावलाने. आणि चव्वेचाळीसला जाऊन टेकला.

प्रुइटने कागद घातला. अडकला.

आम्ही पुन्हा करून पाहिलं. मी म्हटलं, आता मी ठेवतो, मी ठेवलं. मी म्हटलं, बटण मी दाबतो, मी दाबलं. कधी सरकायचा, कधी नाही. सरकला तर कागद अडकायचा. त्यामुळे त्या दिवशी काय झालं हे कोणालाच सांगता येणार नाही, तुलाही नाही. कागद अडकला हे खरं. बटण बंद व्हायच्या आधी शिवला की नंतर, हे आपल्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. पेपरातल्या माझ्या वाक्यात 'कधी' नव्हतं.

प्रुइट चिमटा पुसत होता. म्हणाला, "मी रोमनना हे अजून लिहिलेलं नाही. म्हटलं, आधी तुम्हाला. वाटलं, तुम्ही लिहाल."

त्याने पत्रा सुधारला, सहन केलं. चव्वेचाळीस मागून घेतला, तेही गिळलं. माझ्या तोंडात त्याचा दात आहे. पण हा उपकार मला सगळ्यात जास्त झोंबला. म्हणून मी तीन आठवडे काहीच लिहिलं नाही. मागच्या पत्रात 'तांत्रिक बाब' म्हणून टाळलं, ते तू ओळखलं असशीलच. मी काय लिहीत नाही हे तुला नेहमी आधी कळायचं.

काल मंगळवारची तयारी करताना तो म्हणाला, "चेट, शुक्रवारी विमानतळावरून येताना ते नक्की विचारतील. मला त्यांच्याशी खोटं बोलता येणार नाही." त्याला 'सांगू नकोस' म्हणायला माझी जीभ वळेना.

तर हे घे. बातमी माझी आहे. मैदान माझ्याही हाताखालून गेलंय, तो कोपरा वाकला तेव्हा पत्र्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, बावन्न माझा आणि भाऊही माझा. ती तुला त्याच्या तोंडून, त्याच्या गाडीत, त्याच्या हसऱ्या आवाजात कळावी हे मला चालणार नाही. त्याच्याआधी तुला माझ्याकडून कळलं, एवढं तरी मला हवं होतं.

बर्नडीनलाही आज सकाळी सांगितलं. तिने सिगारेटच्या कागदांच्या पाकिटातून एक कागद काढून परत आत सरकवला. मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते, तू बरोबर होतास आणि रोमनही बरोबर असेल. आणि तरी नऊ वर्षं तिघंही नाताळला एकेकटे जेवलो." शनिवारी ती बटण बंद केल्यावर हात वर करून थांबणार आहे, पत्रा शांत होईपर्यंत. नवा नियम. कोणी हरकत घेतली नाही.

आणि एक. अंतिम सामना प्रुइट आणि मी असा आहे. तो उतारावर खेळायला शिकला. त्याची माणसं आता माझ्यापेक्षा बरी पळतात. तो चव्वेचाळीसला मैदानात उतरवणार आहे. मी त्याला म्हटलं, मला एक गोष्ट हवी आहे. रोमन, मी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे तरी काही मागितलं आणि तेही त्याच्याकडे. मी म्हटलं, शनिवारी पहिल्या डावाला चव्वेचाळीस पत्र्यावर रोमनच्या हाताने ठेवला जावा. तो म्हणाला, "अर्थात, चेट. माझ्या डोक्यात आलं नाही." त्याच्या डोक्यात आलं नाही. हे वाक्य मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होतो.

शुक्रवारी सरोवरावरून बर्फ येईल असा अंदाज आहे, पण संध्याकाळनंतर. विमान वेळेवर उतरावं. प्रुइट त्याची नवी गाडी घेऊन येणार आहे, सीट गरम होणारी. मी माझी जुनी घेऊन येणार आहे. तिचा हीटर एकाच बाजूला चालतो, चालकाच्या नाही, शेजारच्या. पुढच्या सीटवरचे खोके आज काढले. खोलीतलेही निम्मे हलवले आहेत, बाकीचे उद्या.

दोन्ही गाड्या दाराशी उभ्या असतील. तू कोणत्या गाडीत बसशील, याला अजून कोणाचा दुजोरा नाही.

चेस्टर